बटणाआडची माणसं

घरोघरी आता कीबोर्ड आला आहे. मुलाच्या वाढदिवसाला आणलेला असतो, नाहीतर क्लासच्या बाईंनी सांगितलं म्हणून घेतलेला. त्यावर ठेक्यांच्या बटणांची एक रांग असते. वॉल्ट्झ, रुंबा, बोसा नोव्हा, आणि त्यातच कुठेतरी फंक. ते बटण दाबलं की यंत्र आपणहून वाजू लागतं. ड्रम वाजतो, बास वाजतो, मधूनमधून एखादा तुटक, खरखरीत सूर टोचून जातो. मूल डाव्या हाताने एकदोन पट्ट्या दाबून धरतं, उजव्या हाताने पाठ केलेली चाल वाजवतं आणि पाहुणे कौतुक करतात.

या एका बटणाच्या आड किती माणसं उभी आहेत, ते मला आज सांगायचं आहे. आणि बटण न दाबता तो ठेका आपल्याच बोटांनी काढायचा असेल तर काय शिकावं लागतं, तेही. मी कवी माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला. संगीताचा पंडित नव्हे. पण ठेका आणि मौन या दोन गोष्टींशी कवीचा रोजचा संबंध असतो, त्या जोरावर बोलतो आहे.

आधी शब्द पाहू. 'फंक' या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ आहे वास, तोही घामट, कोंदट वास. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या बोलीत तो कष्टाने आणि नाचाने भिजलेल्या अंगाचा वास झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्स शहरात बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक होता. त्याच्या एका गाजलेल्या चालीच्या नावातच हा शब्द होता. १९५३ साली होरेस सिल्व्हर या जॅझ पियानोवादकाने आपल्या एका रचनेला 'ओपस डी फंक' असं नाव दिलं. ज्या शब्दाने लोक नाक मुरडत, तोच शब्द या माणसांनी उचलला आणि मिरवला. आपल्याकडे दलित कवितेने कितीतरी शब्दांना अशी प्रतिष्ठा दिली आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये.

आता थोडं मागे जाऊ. ९ सप्टेंबर १७३९ या दिवशी, रविवारी, साउथ कॅरोलिनातल्या स्टोनो नदीकाठी सुमारे वीस गुलामांनी बंड केलं. त्यांनी दुकान फोडून शस्त्रं घेतली आणि स्वातंत्र्याच्या आशेने दक्षिणेकडे, स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने चालायला लागले. चालताना ते ढोल वाजवत होते. ढोल ऐकून वाटेतल्या मळ्यांवरचे आणखी गुलाम येऊन मिळत होते. ते बंड त्याच दिवशी मोडलं गेलं. पुढच्या वर्षी, १७४० साली, त्या वसाहतीने गुलामांसाठी नवा कायदा केला. गुलामांनी लिहायला शिकू नये, जमाव करू नये आणि ढोल, शिंग किंवा मोठा आवाज करणारी वाद्यं जवळ बाळगू नयेत, अशी त्यात तरतूद होती. लेखणी आणि ढोल एकाच कायद्यात बंद झाले. मालकांना दोन्हींची भीती सारखीच वाटत होती.

ढोल गेला, पण ठेका कुठे जाणार? तो मांडीवर आला, छातीवर आला, टाळीत आला, जमिनीवर आपटणाऱ्या टाचेत आला. गोल रिंगण करून, पाय घासत, टाळ्या देत देवाचं नाव घेण्याची प्रथा कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर टिकून राहिली. हे सगळं बंदीमुळेच झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. अंगाचं वाद्य करण्याची रीत ही माणसं आफ्रिकेतूनच घेऊन आली होती. न्यू ऑर्लीन्समध्ये तर काँगो चौकात रविवारच्या सुटीत गुलाम उघडपणे ढोल वाजवत आणि नाचत. पण जिथे ढोल काढून घेतला गेला, तिथे हाताशी येईल त्या वस्तूचा ढोल करायची सवय अधिक पक्की झाली. पुढे याच सवयीने कीबोर्डलाही गाठलं.

पियानो किंवा ऑर्गन ही मुळात युरोपची वाद्यं. डाव्या हाताने स्वरसंगती धरायची, उजव्या हाताने चाल वाजवायची, ही तिथली घडी. काळ्या वस्तीतल्या चर्चमध्ये या घडीला पहिला धक्का बसला. १९३५ साली लॉरेन्स हॅमंड या, विजेची घड्याळं बनवणाऱ्या, अमेरिकन उद्योजकाने विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला. मोठमोठ्या नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, अशा चर्चेसनी तो घेतला. या वाद्यात एक दोष होता. पट्टी दाबताना सुरासोबत 'टक्' असा आवाज येई. कारखान्याला तो नको होता. वाजवणाऱ्यांना मात्र तोच आवडला, कारण त्या 'टक्'मुळे सुराला काठी मिळत होती. या चर्चमध्ये मुलं कानाने शिकली. धर्मोपदेशक वाक्य टाकतो, लोक त्याला होकार देतात आणि दोघांच्या मधल्या फटीत ऑर्गन आपलं बोलून घेतो. बिली प्रेस्टन याच वातावरणात वाढला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराला तो महालिया जॅक्सनसारख्या मोठ्या गायिकेच्या मागे ऑर्गनवर बसला होता. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, हा पहिला धडा त्याला तिथेच मिळाला असणार.

दुसरा धागा पुन्हा न्यू ऑर्लीन्सचा. प्रोफेसर लाँगहेअर या नावाने ओळखला जाणारा हेन्री रोलंड बर्ड (१९१८–१९८०) लहानपणी रस्त्यावर पायांचा ताल धरून नाचत असे. मोडक्या पियानोवर तो वाजवायला शिकला. डाव्या हातात क्युबाचा रुंबा, उजव्या हातात ब्ल्यूज आणि जोडीला पियानोच्या फळीवर पायाचे ठोके. नाचणाऱ्याचे पाय बोटांत उतरले होते. पुढे दिवस असे आले की हा माणूस एका रेकॉर्डच्या दुकानात झाडलोट करत होता. १९७१ साली शहराच्या संगीत महोत्सवात त्याला पुन्हा लोकांसमोर बसवलं गेलं. त्याच शहरातल्या आर्ट नेव्हिल या ऑर्गनवादकाने आणि त्याच्या 'द मीटर्स' या चौघांच्या वाद्यवृंदाने १९६९ साली 'सिसी स्ट्रट' ही रचना काढली. चार माणसं, गाणं नाही, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला जागा देत वाजवतो. फंक शिकणाऱ्याने अभ्यासाला सुरुवात इथून करावी.

पण या वाजवण्याला कायदा दिला तो जेम्स ब्राऊनने. १९३३ साली तो साउथ कॅरोलिनात जन्मला, म्हणजे जिथे १७४० साली ढोल बंद झाला त्याच प्रांतात. लहानपणी त्याने बुटांना पॉलिश केलं, सैनिकांसमोर नाचून चिल्लर मिळवली. १९६५ सालच्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'पासून आणि १९६७ सालच्या 'कोल्ड स्वेट'पासून त्याने साऱ्या वाद्यवृंदाचा ढोल केला. गिटार, पितळी वाद्यं, बास, ऑर्गन आणि खुद्द त्याचा गळा, सगळे आघात करू लागले. चुकणाऱ्या वादकाला तो दंड करत असे.

त्याचा नियम एका शब्दात सांगता येतो: 'एक'. चार मात्रांच्या त्या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. टाळी तिथेच राहिली, पण ब्राऊनने सगळं वजन पहिल्या मात्रेवर आणलं. आपल्या कानांना हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे सम आहे. मात्र फरकही लक्षात ठेवायला हवा. आपला गवई दहा, बारा, सोळा मात्रांचा फेरा मारून समेवर येतो आणि आपण मान हलवतो. फंकमध्ये दर चार मात्रांनी घरी यावं लागतं. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी भेटायचं, मग उरलेल्या तीन मात्रांत ज्याने त्याने आपल्या वाटेने हिंडून यायचं. भेट चुकली की ठेका मेला.

आता एक गोष्ट आपल्या घरची. ज्या रेडिओवरून मी बोलतो आहे, त्या रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर ठरीव असतात, ती आपल्या संगीताला शोभत नाही, असा आक्षेप होता. साथीसाठी ते दार उघडायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. पट्टीचा सूर वाकत नाही, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनाही तीच अडचण होती, कारण त्यांचं गाणंही वाकणाऱ्या सुरांचं. त्यांनी दोन उपाय केले. शेजारच्या पट्टीवरून बोट घसरवून मूळ सुरावर यायचं, म्हणजे कानाला वाकल्याचा भास होतो. आणि दुसरा उपाय, सूर वाकत नसेल तर तो ठोकायचा. पट्टीच्या दुबळेपणातूनच तिची नवी ताकद निघाली.

या ठोकण्यासाठी सर्वांत योग्य ठरलेलं वाद्य मात्र भलत्याच कामासाठी बनलं होतं. जर्मनीत ट्रॉसिंगेन नावाचं गाव आहे. तोंडाने वाजवायच्या माउथ ऑर्गनवर 'होनर' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, त्या कंपनीचं हे गाव. तिथल्या एर्न्स्ट झकारियास या अभियंत्याने १९६० च्या दशकात क्लॅव्हिनेट तयार केलं. जुनं युरोपीय संगीत लोकांना घरच्या घरी वाजवता यावं, हा त्यामागचा हेतू. साठ पट्ट्या आणि साठ तारा. पट्टी दाबली की तिच्याखालचं रबराचं टोक तारेला धातूवर दाबतं, आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतात तसे चुंबक तो आवाज उचलतात. पट्टी सोडली की तारेच्या टोकाला गुंडाळलेली लोकर आवाज तिथल्या तिथे थांबवते. म्हणजे सूर जन्माला घालणं आणि मारणं, दोन्ही बोटाच्या ताब्यात. घरच्या दिवाणखान्यासाठी बनलेल्या या पेटीत एक ढोल लपला होता, आणि तो ऐकणारा माणूस डोळ्यांनी पाहू शकत नव्हता.

स्टीव्ही वंडर १९५० साली मिशिगन राज्यात अपुऱ्या दिवसांचा जन्मला, आणि तेव्हापासूनच त्याची दृष्टी गेली. तेराव्या वर्षी त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात तो माउथ ऑर्गन वाजवतो. पण तो उत्तम ड्रमही वाजवायचा, आणि पुढे घडलं त्याचं मर्म यातच आहे. १९७२ साली 'सुपरस्टिशन' हे गाणं करताना त्याने आधी ड्रम वाजवला, मग क्लॅव्हिनेट, मग मूग सिंथेसायझरवर बास. क्लॅव्हिनेट एकदा वाजवून तो थांबला नाही. एकावर एक थर दिले. एक थर बोलतो, दुसरा त्याच्या फटीत उत्तर देतो. ऐकताना वाटतं एकच हात वाजतो आहे, पण ती पूर्ण मैफल आहे, आणि मैफलीतले बहुतेक सगळे वादक तो स्वतःच आहे.

हे गाणं आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी दोनमध्ये आहे. घरी पेटी असेल तर करून पाहा. काळी दोनला षड्ज माना आणि पुढे फक्त काळ्या पट्ट्या वाजवत जा. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. जाणकार म्हणतील, हे तर धानी रागाचे सूर. त्या गाण्याचा मुख्य ठेका प्रामुख्याने याच पाच सुरांवर उभा आहे. राग आणि फंक यांचं नातं मला जोडायचं नाही, दोन्हींचा स्वभाव फार वेगळा. सांगायचं आहे ते इतकंच, की सूर पाचच आहेत आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. अवघड आहे ते सुरांच्या मधलं.

ते मधलं शिकायचं कसं? यंत्रावरचं ठेक्याचं बटण बंद करावं. बहुतेक कीबोर्डांत 'क्लॅव्ही' नावाचा आवाज असतो, तो निवडावा. मग तोंडाने म्हणावं: तिरकिट, तिरकिट, तिरकिट, तिरकिट. चार मात्रा, प्रत्येकीचे चार भाग, एकूण सोळा जागा. 'सुपरस्टिशन'ची गती मिनिटाला सुमारे १०० मात्रांची आहे, म्हणजे मिनिटाला ४०० जागा. शिकणाऱ्याने निम्म्या गतीने सुरुवात केली तरी पुष्कळ झालं.

पहिले काही दिवस फक्त पहिल्या 'ति'वर डाव्या हाताने खालचा षड्ज वाजवावा, झटकन सोडावा आणि उरलेल्या पंधरा जागा तोंडाने म्हणत गप्प बसावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. बोटं शिवशिवतात. मग दुसऱ्या तिरकिटातल्या 'कि'वर उजव्या हाताचा एक छोटा सूर घालावा. मग चौथ्यातल्या शेवटच्या 'ट'वर आणखी एक, म्हणजे तो पुढच्या समेला ढकलून देईल. ते पक्कं झालं की डाव्या बोटाने मधल्या एकदोन रिकाम्या जागी पट्टीला नुसता स्पर्श करावा, सूर जेमतेम ऐकू येईल इतका. तबलजीचा डावा हात मोठ्या बोलांच्या मध्ये हलकेच काहीतरी भरत असतो, तसं. दोन्ही हात आता एका ढोलाचे दोन हात झाले. यानंतर मूळ रेकॉर्ड लावून तिच्यासोबत बसावं, आणि रेकॉर्डमध्ये जिथे दुसरं कोणी वाजवत असेल तिथे आपण थांबावं.

मोठ्या शिकलेल्या वादकांनाही ही वाट नव्याने चालावी लागली. हर्बी हॅनकॉकने अकराव्या वर्षी शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदासोबत मोझार्ट वाजवला होता. १९७३ साली 'हेड हंटर्स' करताना त्याने क्लॅव्हिनेटवर गिटारसारखे तुटक आघात केले आणि 'कमेलियन'चा बास सिंथेसायझरवर इतका साधा ठेवला, की कोणीही तो गुणगुणू शकेल. बर्नी वॉरेल (१९४४–२०१६) लहानपणी पियानोची बडी मैफल लिहिणारा मुलगा, पुढे मोठ्या संगीत विद्यालयांत शिकलेला. 'पार्लमेंट' या वाद्यवृंदाच्या 'फ्लॅश लाइट'मध्ये त्याने बास गिटारचं काम मूगवर केलं, आणि पुढच्या पिढीच्या नाचाच्या संगीताने तो आवाज आपलासा केला. विद्या दोघांकडे भरपूर होती. तिच्यातलं किती बाहेर ठेवायचं, याची अक्कल त्यांनी दाखवली. गझल लिहिणाऱ्याला हे कळतं. दोन ओळींत मावेल तेवढंच सांगायचं आणि बाकीचं ऐकणाऱ्यावर सोपवायचं.

आमच्याकडे उरुसाला कव्वाली व्हायची. पत्रकावर कव्वालाचं नाव मोठ्या अक्षरांत, पेटीवाल्याचं कधीमधी. मागच्या ओळीत बसून टाळी देणाऱ्यांचं नाव मी कधीच वाचलं नाही. पण टाळी थांबली असती तर कव्वाली तिथेच बसली असती. फंकच्या इतिहासात या मागच्या ओळीतल्या माणसाचं नाव आहे क्लाइड स्टबलफिल्ड.

१९४३ साली टेनेसीतल्या चॅटानूगा गावात तो जन्मला. कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत त्याने ठेका शिकला. 'कोल्ड स्वेट'चा ड्रम त्याचा. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीच्या स्टुडिओत जेम्स ब्राऊनने 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित केलं. ऑर्गनवर खुद्द ब्राऊन होता. एका जागी तो सगळ्यांना थांबवतो आणि ड्रमवाल्याला एकट्याला वाजवू देतो. सुमारे वीस सेकंद. पुढे, १९८० च्या दशकात, जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून नव्या गाण्यात वापरण्याची यंत्रं आली, तेव्हा हे वीस सेकंद शेकडो गाण्यांत गेले. रॅप संगीताचा मोठा भाग त्या एका तुकड्यावर चालला. स्टबलफिल्डला त्याच्या हक्काचे म्हणून काही मिळालं नाही. रचनाकार म्हणून नाव होतं ब्राऊनचं, आणि लेखनाचा हक्क शब्दांना आणि चालीला मिळतो. ठेका कोणाच्या नावावर लागत नाही. उतारवयात तो आजारी पडला तेव्हा दवाखान्याचं मोठं बिल प्रिन्स या गायकाने गुपचूप भरलं, हे २०१६ साली प्रिन्स गेल्यावर लोकांना कळलं. स्टबलफिल्ड २०१७ साली गेला.

१७४० साली ढोल कायद्याने काढून घेतला होता. अडीचशे वर्षांनंतर ढोल वाजवायला मोकळीक होती, पण त्याचं मोल वाजवणाऱ्याच्या हातात पडू नये अशी कागदपत्रांची व्यवस्था होती. दोन्ही गोष्टींत फरक आहे, आणि तो मोठा आहे. पहिल्या कायद्यामागे चाबूक होता. पण ठेका हे कोणाचंतरी काम आहे, कोणाच्यातरी मनगटाची कमाई आहे, हे मान्य करण्याची टाळाटाळ दोन्हीकडे दिसते.

म्हणून कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. ते बटण अधूनमधून बंद ठेवा. तिरकिट म्हणत एक सूर वाजवा आणि पंधरा जागा मोकळ्या सोडा. चार-सहा आठवड्यांनी जेव्हा तो ठेका अंगात शिरेल आणि पाय आपोआप हलू लागेल, तेव्हा मुलांना ही नावं सांगा. लाँगहेअर, नेव्हिल, वंडर, वॉरेल, स्टबलफिल्ड. आणि स्टोनो नदीकाठच्या त्या रविवारी ढोल वाजवत चाललेल्यांबद्दलही सांगा, ज्यांची बहुतेक नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.